चष्मेवाल्याची परीक्षा कोण घेतं?

प्रश्न : भाचा बारावी सायन्स झाला आहे. इथेच जबलपुरात चष्म्याचं दुकान टाकायचं म्हणतो. न्यूजर्सीतले नातेवाईक म्हणतात की तिकडे परीक्षा देऊन लायसन्स घेतल्याशिवाय हे काम करता येत नाही. आपल्याकडे अशी कुठली परीक्षा आहे?
– एक वाचक, राइट टाउन, जबलपूर

उत्तर : नातेवाईक खरं सांगतात, पण ते न्यूजर्सीपुरतंच खरं. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की ऑप्टिशियनला राज्याचं लायसन्स लागत नाही. अमेरिकेत सुमारे निम्म्या राज्यांत ते लागतं, बाकीच्यांत नाही. ब्रिटनमध्ये मात्र चष्मा बनवून देणाऱ्याला 'डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन' म्हणवून घ्यायचं असेल, तर परीक्षा देऊन जनरल ऑप्टिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं.

आपल्याकडे 'ऑप्टिशियन' म्हणून वेगळी सरकारी परीक्षाच नाही. गुमाश्ता आणि जीएसटीचे कागद झाले की फ्रेमचं दुकान उघडतं. पण ती परवानगी दुकानाला मिळते, डोळे तपासणाऱ्याला नाही. दुकानाचा परवाना आणि तपासणाऱ्याची पदवी हे दोन्ही कागद एकाच भिंतीवर टांगलेले असतात, म्हणून आपण गिऱ्हाईक फसतो.

डोळ्याचा नंबर काढायला शिकतो तो ऑप्टोमेट्रिस्ट. बारावी विज्ञाननंतर पदवीची चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. दोन वर्षांचे डिप्लोमाही आहेत. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, ऑप्थॅल्मिक असिस्टंट आहे, व्हिजन टेक्निशियनही आहे. नुसता ऑप्टिशियन नाही. त्याच कायद्याने पदवीधर 'हेल्थकेअर प्रोफेशनल'साठी किमान ३,६०० तासांचं शिक्षण ठरवलं. मध्य प्रदेशात पॅरामेडिकल परिषदेचा कायदा त्याआधीचा, २००० सालचा.

खरी परीक्षा लेखी पेपरात नसते, अंधाऱ्या खोलीत असते. विद्यार्थ्याच्या हातात रेटिनोस्कोप, समोर पेशंट. प्रकाशाची पट्टी बाहुलीवरून आडवी फिरवायची आणि आतली लालसर चमक पट्टीबरोबर सरकते की उलट, ते पाहायचं. मग एकेक काच लावत जायचं, चमक सरकायची थांबेपर्यंत. पेशंटला तोंडाने काही सांगावं लागत नाही. म्हणून तर लहान मुलांचा नंबर काढता येतो. पुढे एक साधी वजाबाकी असते. तपासणारा ६७ सेंटिमीटरवर बसला असेल, तर आलेल्या आकड्यातून दीड वजा करायचा. ती राहिली की सगळं मुसळ केरात.

आता दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊ. काच घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्याला लोक कारागीर म्हणून सोडून देतात; मला हे पटत नाही. सिलिंडर नंबरच्या काचेला अ‍ॅक्सिस असतो, म्हणजे ती किती अंशांवर बसवायची हे ठरलेलं असतं. ती ३० अंश फिरून बसली, तर जितका सिलिंडर घालवायचा होता तितकाच नव्याने उभा राहतो. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे मोजून जिथल्या तिथेच यायचं. पीडीचंही तसंच. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. उणे पाचच्या काचा, अंतर ६० मिलिमीटर, आणि काचांची केंद्रं ६८ वर पडली, तर दोन्ही मिळून ४ प्रिझम डायॉप्टरचा ताण डोळ्यांवर येतो. माणूस डोकं धरून बसतो आणि 'नवा चष्मा आहे, सवय होईल' असं ऐकून घरी जातो. एका दुकानात माझीही अशीच बोळवण झाली होती. आठ दिवसांनी दुसरीकडे काच मोजून घेतली, तेव्हा कळलं की सवय कधीच झाली नसती.

तेव्हा भाच्याने दुकान जरूर टाकावं, पण आधी पदवी घ्यावी, आणि सुट्ट्यांमध्ये एखाद्या जुन्या चष्मेवाल्याकडे काच घासायला बसावं. वर्गात डिस्पेन्सिंग हा विषय असतो, पण हात तिथे बसत नाही. शिवाय पदवी असली तरी काचबिंदू किंवा पडद्याचा आजार दिसला की पेशंटला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया ही डॉक्टरची कामं.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. कॉलेज कुठल्या नेत्ररुग्णालयाशी जोडलेलं आहे, विद्यार्थ्याला रोज किती पेशंट पाहायला मिळतात आणि पदवी कोणतं विद्यापीठ देतं, एवढं विचारा. फी भरण्याआधी परिषदेच्या मान्यतेचं पत्र मागून घ्या आणि ते चालू वर्षाचं आहे ना, तेवढी तारीख वाचा.