घोडा ठरवण्याआधी त्याची शिंगरे पाहा

मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि पाठोपाठ नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची. दोन्हीकडे घोड्यांचा मोठा बाजार असतो. ज्यांच्या दावणीला घोडी आहे त्यांच्यासाठी हा काळ खरेदी-विक्रीपुरता नाही. पुढच्या हंगामात घोडी कोणत्या घोड्याला लावायची, हे ठरवण्याची संधी याच दिवसांत मिळते. घोडा, त्याची वर्षा-दोन वर्षांची शिंगरे आणि त्यांचे मालक एका जागी सापडतात, असे पुन्हा वर्षभर घडत नाही.

बहुतेक जण घोड्याची उंची, रंग, देवमण आणि पंचकल्याणी खुणा पाहून निर्णय घेतात. पण घोडी लावण्याचे पैसे मोजून अकरा महिन्यांनी आपल्या हाती तो घोडा येत नाही, त्याचे शिंगरू येते. म्हणून निवड शिंगरांवरूनच केली पाहिजे, आणि शिंगरू पाहताना त्याच्या आईकडेही पाहिले पाहिजे.

हंगामाचे गणित

घोडीचा माज दिवसाच्या लांबीशी बांधलेला असतो. थंडीत दिवस लहान असताना अनेक घोड्या माज दाखवत नाहीत किंवा अर्धवट दाखवतात. फेब्रुवारीपासून दिवस मोठा होऊ लागला की माजचक्र नियमित होते. हे चक्र सुमारे २१ दिवसांचे असून माज ५ ते ७ दिवस टिकतो. बीज बहुधा माज संपण्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत सुटते. त्यामुळे पहिल्याच दिवशी घोडी लावून मोकळे होण्यात अर्थ नाही. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड लावावी. पशुवैद्यकाकडे सोनोग्राफीची सोय असेल तर नेमका दिवस ठरवता येतो आणि घोड्यावरचा ताणही वाचतो.

गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा. १५ फेब्रुवारीला फळलेली घोडी पुढच्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास विते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फळवलेल्या घोड्यांची शिंगरे जानेवारी ते मार्चमध्ये कोरड्या जमिनीवर जन्मतात आणि पाऊस सुरू होईपर्यंत अंग धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये फळवलेल्या घोडीचे शिंगरू मात्र ऐन चिखलात आणि माश्यांच्या दिवसांत जमिनीवर येते. म्हणून घोड्याची निवड डिसेंबरात, तपासण्या जानेवारीत आणि फळवणे फेब्रुवारीपासून, असा क्रम ठेवावा.

उभ्या घोड्यात काय पाहावे

बाजारातला घोडा तूप, गूळ, दूध देऊन तयार केलेला असतो. चकाकी आणि चरबीखाली सांध्यांचे दोष झाकले जातात. म्हणून घोडा उभा पाहून समाधान मानू नये. कडक, सपाट जमिनीवर मोकळ्या लगामाने चालवायला सांगावे आणि समोरून, मागून, बाजूने अशा तिन्ही दिशांनी पाहावे. पाऊल सरळ रेषेत पडते का, मागची टाप पुढच्या टापेच्या ठशापर्यंत पोहोचते का, वळताना एखादा पाय वाचवतो का, हे पाहावे. रवाळ चालीची तारीफ नंतर. आधी साधी चाल स्वच्छ हवी.

जखमेची खोड आणि जन्माची खोड यांत फरक करावा. गुडघ्यावर जुना व्रण असेल, कान फाटलेला असेल, तर ते शिंगरात उतरत नाही. पण वरचे दात खालच्या दातांच्या पुढे येणारे पोपटतोंड, मागच्या पायांचे सांधे एकमेकांकडे वळलेले असणे, पुढचा एक खूर उभट व अरुंद असणे, अशा रचनेच्या खोडी पुढच्या पिढीत येऊ शकतात. दोन्ही अंडे खाली उतरलेली, सारख्या आकाराची आणि घट्ट हवीत. एकच अंड उतरलेला घोडा माजावर येतो, घोडीही लावतो, पण तो पैदाशीला ठेवू नये.

मागच्या हंगामात किती घोड्या लावल्या आणि किती गाभण राहिल्या, हे विचारावे. मालकाच्या उत्तरावर न थांबता दोन-तीन घोडीवाल्यांनाही विचारावे. घोड्याचे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे नोव्हेंबरात जोराचा ताप येऊन गेलेला घोडा जानेवारीत धडधाकट दिसला तरी त्याचे वीर्य कमकुवत असू शकते. तीन वर्षांच्या नव्या घोड्याला पहिल्या हंगामात दहा-पंधराच घोड्या द्याव्यात. यात्रेत एकाच दिवशी अनेक घोड्या लावणाऱ्या घोड्यापासून लांब राहावे.

शिंगरांची पारख

मालक दाखवतो ते शिंगरू त्याचे सगळ्यात चांगले असते. एका देखण्या शिंगरावरून काहीच सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या घोड्यांच्या पोटची निदान आठ-दहा शिंगरे पाहावीत आणि त्यातही विकली गेलेली, खेड्यात साध्या चाऱ्यावर वाढलेली शिंगरे आवर्जून पाहावीत. तुपावर वाढलेले शिंगरू खुराकाची गोष्ट सांगते, बापाची नाही.

शिंगराचे वय आधी पडताळावे. समोरचे मधले दुधाचे दात जन्मानंतर आठवड्याभरात दिसतात, त्यांच्या शेजारचे दीड-दोन महिन्यांत आणि कोपऱ्यातले सहा ते नऊ महिन्यांत. मालक "चारच महिन्यांचं आहे" म्हणत असेल आणि कोपऱ्याचे दात पूर्ण निघालेले असतील, तर त्या शिंगराची उंची घोड्याच्या खात्यावर मांडू नये.

उंची टेपने मोजावी, पाठीवरून नव्हे तर खांद्याच्या उंचवट्यापासून, शिंगरू सपाट जमिनीवर चारही पायांवर उभे असताना. सहा महिन्यांचे शिंगरू पूर्ण वाढीच्या उंचीच्या सुमारे ८३ टक्के आणि वर्षाचे झालेले सुमारे ९० टक्के भरते. सहा महिन्यांचे शिंगरू ५० इंच भरले तर ते ६० इंचांच्या आसपास जाईल. हा अंदाज आहे, पण घोडीवाल्याच्या "पासष्टला जाईल" यापेक्षा भरवशाचा.

पाय पाहताना वयाचे भान ठेवावे. नवजात शिंगराचे घोटे सैल असतात आणि गुडघे किंचित आत वळलेले असू शकतात. छाती अरुंद असेपर्यंत खुरांची टोके थोडी बाहेर राहतात. छाती भरली की यातले बरेच सरळ होते. पण सहा महिन्यांनंतरही एकाच घोड्याच्या तीन-चार शिंगरांत, वेगवेगळ्या आयांकडून आलेली असूनही, तोच वाकडेपणा दिसला तर तो बापाचा समजावा. शिंगराच्या घोट्याच्या वर कडक सूज दिसली तर अति खुराकाचा संशय घ्यावा. तो दोष घोड्याला लावू नये.

तोंड उघडून दात जुळतात का पाहावे आणि बेंबीजवळ हात फिरवून हर्निया नाही ना हे तपासावे. मग शिंगराला दुडक्या चालीत पळू द्यावे. स्वभावही पाहावा. वेगवेगळ्या घरी वाढलेली शिंगरे एकसारखी चावरी किंवा भित्री निघत असतील, तर ते माणसांच्या हाताळणीच्या माथी मारता येत नाही.

आईचा वाटा वेगळा काढा

शिंगरात निम्मा वाटा आईचा असतो आणि गर्भातले वाढणे व दूध हे पूर्णपणे तिचेच. नाव झालेल्या घोड्याकडे चांगल्याच घोड्या येतात, त्यामुळे त्याची शिंगरे चांगली दिसणारच. घोड्याचा खरा हात ओळखायचा असेल तर एक साधी तुलना करावी: त्याच घोडीचे या घोड्याचे शिंगरू आणि दुसऱ्या घोड्याचे शिंगरू, दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

समजा, एका घोड्याची चार शिंगरे ६१ इंचांवर गेली. चारही आया ६१-६२ इंची असतील तर घोड्याने काही वाढवले असे म्हणता येत नाही. दुसऱ्या घोड्याची शिंगरे ५९ इंचांवर थांबली, पण आया ५६-५७ इंची होत्या आणि त्यांची आधीची शिंगरेही तेवढीच होती. उंची वाढवणारा घोडा हा दुसरा. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या जगात घोड्याची कामगिरी याच पद्धतीने त्याला लावलेल्या घोड्यांच्या इतर शिंगरांशी ताडून पाहतात. भारतीय थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद ठेवणारी स्टड बुक अथॉरिटी पुण्यात आहे. आपल्याकडच्या गावरान पैदाशीला अशी नोंद नसते, म्हणून ती घोडीवाल्याने स्वतः वहीत ठेवावी. घोडीचे नाव, घोडा, फळवल्याची तारीख, विण्याची तारीख, सहा महिने आणि वर्षाची उंची, दिसलेल्या खोडी, एवढे लिहिले तरी पाच वर्षांत गावात कोणता घोडा खरा, हे कागदावर दिसते.

रंगाचा मोह आणि रंगाचा उपयोग

पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला लग्नाच्या वरातीमुळे मागणी आहे, पण त्याची गुलाबी कातडी आपल्या उन्हात भाजते. नुकरा जन्मतःच पांढरा असतो. काळसर कातडीचा पांढरा घोडा मात्र जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. रंगावरून गुण ठरत नाही, पण बाप खरा आहे की नाही हे कधी कधी कळते. अंग, आयाळ, शेपूट सगळेच तांबूस असलेल्या दोन सुरंगांना काळी आयाळ-शेपूट असलेला कुमैत होत नाही. वयाबरोबर पांढऱ्या होणाऱ्या शिंगराचा किमान एक पालक तसाच असावा लागतो. सांगितलेला बाप आणि शिंगराचा रंग जुळत नसेल तर तिथेच बोलणे थांबवावे. किमती शिंगरासाठी डीएनए तपासणीचा आग्रह धरावा.

कामाप्रमाणे घोडा

मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगर कुटुंबांसाठी मारवाडी घोड्याची उंची उपयोगाची नाही. त्यांच्या भीमथडी घोड्याची किंमत आखूड भक्कम पाठ, जाड नळी, कडक खूर आणि ओझे घेऊन दिवसभर चालण्याची ताकद यांत आहे. भीमा खोऱ्यातल्या या जातीची २०२४च्या सुरुवातीला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. हाती शुद्ध भीमथडी घोडी असेल तर ती उंचीच्या हव्यासापायी मारवाडीला लावू नये. भीमथडी घोडा शोधावा आणि त्याची शिंगरे याच कसोट्यांवर पारखावीत.

तपासणी आणि करार

घोडा आणि घोडी, दोघांचीही ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अॅनिमियासाठी रक्ततपासणी करूनच त्यांना एकत्र आणावे. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. होकारार्थी जनावर २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग कायद्यानुसार मारावे लागते. नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाठवता येतो. देशातील संदर्भ प्रयोगशाळा हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. अहवाल हातात नसेल तर यात्रेच्या मैदानात घोडी लावू नये.

घोडी लावल्याचा कागद करावा. त्यात दोन्ही जनावरांचे वर्णन, भोवरे व खुणांसह, लावल्याच्या तारखा आणि ठरलेली रक्कम असावी. शिंगरू उभे राहून दूध प्यायले नाही तर रक्कम परत किंवा पुढच्या माजाला मोफत, ही अट लेखी घ्यावी. चौदा ते सोळा दिवसांनी सोनोग्राफीने गाभण तपासावी. जुळे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाशी बोलावे, कारण घोडीत जुळ्यांचा गर्भ सहसा तडीस जात नाही. विल्यानंतर शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत चीक प्यावे आणि वार तीन तासांत पडावी. यात उशीर झाला तर थांबू नका, दवाखान्याला कळवा.

या यात्रेत घोड्याची किंमत विचारण्याआधी त्याच्या शिंगरांचे पत्ते विचारा. पत्ते द्यायला कचरणाऱ्या मालकाच्या घोड्याला आपली घोडी लावू नका.