सायलेन्सरच्या नळीवरील डाग : कारणे आणि उपाय

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या नळीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मये येथील आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यात मला रसायनशास्त्राबरोबर हिशेबशास्त्राचाही एक धडा मिळाला. तो विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या घरी आजोबांची जुनी येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा व पुढे येझदी गाड्या तयार होत. 1996 साली तो कारखाना बंद पडला. या गाडीला सिलिंडर एक, पण धूर जाण्याच्या नळ्या दोन, आणि दोन्हींवर क्रोमचा मुलामा. आजोबांच्या पश्चात गाडी काका वापरीत. माझ्या फीसाठी ती विकायचे ठरले आणि बेळगावचे एक गृहस्थ बघायला येणार असे कळले. इंजिनाजवळच्या भागाला, ज्याला मेकॅनिक बेंड पाइप म्हणतात, निळे-जांभळे डाग पडले होते. मागच्या बाजूला गंजाचे ठिपके होते. ते घालवून चार पैसे जास्त मिळवावेत, असे मी मनाशी ठरविले.

प्रथम डागांचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार उष्णतेचा. धातू तापला की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की जसे रंग दिसतात, तसेच या थरामुळे दिसतात. थर जाड होत जाईल तसा रंग बदलतो. स्टेनलेस पोलादावर सुमारे 300 अंश सेल्सिअसला गवती पिवळा, 400 च्या आसपास तपकिरी, 450 ला जांभळा आणि 540 च्या सुमारास निळा रंग येतो. म्हणजे नळीचा रंग हा एक प्रकारचा तापमापकच होय.

दुसरा प्रकार गंजाचा. क्रोमचा थर हजाराव्या मिलिमीटरहूनही पातळ असतो; त्याखाली निकेल आणि त्याखाली पोलाद. क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून आमच्याकडच्या पावसाचे पाणी झिरपून पोलादापर्यंत पोचते. मराठीत आपण ‘गंज चढला’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘तुक्कु हिडीतु’, म्हणजे गंजाने धरले, असे म्हणतात. मला कन्नड शब्दप्रयोग अधिक नेमका वाटतो, कारण गंज वरून चढत नाही, तो आतून धरतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गाडी रोज थोडीच चालविली तर नळी पुरती तापत नाही, वाफेचे पाणी आतच साचते आणि सायलेन्सर आतून कुजतो.

तिसरा प्रकार बाहेरून चिकटलेल्या वस्तूंचा : जळलेले तेल, रेनकोटचे वितळलेले प्लास्टिक, बुटाचे रबर.

आता साफसफाईचा क्रम सांगतो.

1. नळी पूर्ण थंड असावी. लोहचुंबक लावून पाहावा. घट्ट चिकटला तर पोलादावर मुलामा आहे. मुळीच चिकटला नाही तर बहुधा स्टेनलेस आहे.

2. आधी भरपूर पाण्याने व साबणाने धुवावे. आमच्या डिचोली भागात लाल धुळीला तोटा नाही. सोनार झिलईसाठी लाल पावडर वापरतात, तीही लोहाचा ऑक्साइडच. पण ती अत्यंत बारीक असते. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात. धूळ न धुता फडके चोळले तर ओरखडे पडतात.

3. प्लास्टिक चिकटले असेल तर नळी किंचित कोमट करून लाकडी चिपेने खरवडावे. तेलाचे डाग थंड नळीवर रॉकेलच्या फडक्याने पुसावेत आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

4. गंजाच्या ठिपक्यांवर ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो, क्रोमला ओरखडा पडत नाही. काथ्या, राख, सँडपेपर वापरू नयेत.

5. निळ्या डागावर धातूचे पॉलिश लावून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसावे. थर पातळ आहे, हे विसरून जोर करू नये.

6. शेवटी धुवून कोरडे करावे. मागच्या भागाला मेण लावता येते. बेंड पाइपला लावू नये, ते जळून नवा डाग पडतो. बोटांचे ठसेही तापल्यावर पक्के होतात, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी नळी एकदा पुसून घ्यावी.

हा क्रम मला आधी ठाऊक नव्हता. मी घाईने न्हाणीघर धुण्याचे ॲसिड एका ठिकाणी लावले. क्षणभर वाटले, डाग गेला. मग तिथे पिवळसर, मंद असा ठिपका उरला. हायड्रोक्लोरिक ॲसिडने डागाबरोबर क्रोमही विरघळले होते आणि खालचे निकेल उघडे पडले होते. काका काही बोलले नाहीत. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले.

त्यानंतर रीतसर पॉलिश करून मी दोन्ही नळ्या आरशासारख्या केल्या. पण दोन दिवस डिचोलीला जा-ये केली आणि निळा रंग जसाच्या तसा परत आला. मी पुन्हा फडके घेतले, तेव्हा काकांनी हात धरला. “अरे, पुसलेला डाग दोन दिवसांत परत येतो, तर तो काहीतरी सांगतोय. पुसू नकोस, आधी विचार.”

मेकॅनिकने पाहिले. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधील गॅस्केट फाटले होते आणि तेथून वारा आत शिरत होता. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हवा थोडी वाढली की इंजिन अधिक तापते. या गाडीत तर तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. अशी गाडी सपाट रस्त्यावर कशीबशी चालते, पण चढावर पिस्टन जाम होऊन चाक एकाएकी अडकू शकते. येणारे गृहस्थ गाडी साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटी या मार्गाने बेळगावला चालवीत नेणार होते. माझ्या फडक्याने कोणता धोका झाकला जात होता, हे तेव्हा लक्षात आले.

हिशेबशास्त्रात ताळेबंदाच्या सजावटीबद्दल आपण शिकतो. वर्षअखेरीस आकडे असे मांडायचे की संस्थेची खरी स्थिती दिसू नये. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिले होते. घरच्या अंगणात मी तेच करीत होतो. गंजाचे ठिपके म्हणजे घसारा. तो कबूल करून किंमत कमी करावी. निळा डाग ही लेखापरीक्षकाची शेरेवजा सूचना. ती खोडायची नसते, तिचे उत्तर द्यायचे असते.

गॅस्केट बदलले, कार्बुरेटर साफ करून घेतला, मग मी शेवटचे पॉलिश केले. आठ दिवसांनंतरही नळीवर नुसती गवती छटा होती. गृहस्थ आले तेव्हा काकांनी गॅस्केटची गोष्ट आणि माझ्या ॲसिडचा ठिपका, दोन्ही दाखविले. ठिपक्याबद्दल त्यांनी किंमत थोडी कमी केली. ती रक्कम मी माझ्या वहीत ‘शिकवणी खर्च’ म्हणून लिहिली आहे. संध्याकाळी बेळगावहून त्यांचा फोन आला : घाट नीट चढला.