जिरं पेरायचंय? यंदा 10 गुंठेच!

2023 मध्ये गुजरातच्या उंझा बाजारात जिरं क्विंटलला 50 हजारांच्या वर गेलं. तेव्हापासून "आपल्या खानदेशात जिरं होईल का?" असं बरेच जण विचारतात. उगवतं नक्की, पण घरात येईलच असं नाही. आणि तोच भाव 2024 च्या सुरुवातीला निम्म्याच्या आसपास आला होता, हेही ध्यानात ठेवा.

गुजरात-राजस्थानात जिरं जमतं ते कोरड्या थंडीमुळे. फुलोऱ्यात दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की करपा झपाट्याने पसरतो. पीक काळं पडल्यावर फवारून उपयोग नाही. आपल्याकडे हिवाळ्यात ढग येतातच. म्हणून आधी 10 गुंठ्यांत अनुभव घ्या, हरभरा-गव्हाचं रान मोडू नका.

✅ *जमीन:* हलकी ते मध्यम, निचऱ्याची. पाणी धरणारी काळी नको. गव्हाच्या ओलिताला लागून पेरू नका, तिथे हवा दमट राहते.

✅ *बियाणं:* किराणा दुकानातलं नको. मर रोगाला तग धरणारं गुजरात जिरे-4 घ्या. 10 गुंठ्यांना सव्वा ते दीड किलो पुरतं. ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया कराच.

✅ *पेरणी:* नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, दुपारचं ऊन उतरल्यावर. ओळीत 30 सेंमी अंतर, खोली दीड-दोन सेंमी. खोल गेलं तर उगवणार नाही.

✅ *पाणी:* पेरल्यावर लगेच हलकं, दुसरं 8-10 दिवसांनी. पुढे जमीन बघून. आभाळ असताना पाणी बंद. दाणा पक्का होताना तर नकोच.

✅ *करपा:* रोग दिसायची वाट बघू नका. 30-35 दिवसांनी मॅन्कोझेब 75 टक्के, 10 लिटरला 25 ग्रॅम. काढणीच्या तोंडावर फवारणी नको, मसाल्यात औषधाचा अंश सापडला तर माल परत येतो.

✅ *काढणी:* साधारण 100-110 दिवसांनी, झाडं पिवळी पडल्यावर. सकाळी दवातच उपटा, उन्हात दाणे गळतात.

⚠️ यंदा मर लागली तर त्या रानात पुढची काही वर्षं जिरं घेऊ नका. बुरशी मातीत टिकून राहते.

पेरणार असाल तर आधी शेताचा फोटो आणि मागचं पीक ग्रुपवर कळवा. जमीन बघूनच हो-नाही सांगू.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी