खिशातलं लाल कुलूप

प्रश्न : माझा मुलगा भोसरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनिअर आहे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, आणि हा नेमका त्याच दिवशी डबा घेऊन निघतो. परवा शर्ट धुवायला घेतला तर खिशात लाल कुलूप! कारखान्याला कुलूप लावायला वॉचमन नाही का?
— एक आई, पिंपरी

उत्तर : ताई, गुरुवारचं कोडं सोपं आहे. चालू मशीनच्या पॅनेलमध्ये हात घालता येत नाही, आणि इतर दिवशी मशीन थांबवायला प्रॉडक्शनवाले तयार नसतात. मग टर्मिनल आवळणं, मोटरींचं इन्सुलेशन मेगर नावाच्या मीटरनं तपासणं, केबल बदलणं हे सगळं सुट्टीच्या वारावर येऊन पडतं. पावसाळ्याआधी पॅनेलची भोकंही बुजवायची असतात. उबेला आत शिरलेली पाल बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर, आडवी झाली, की अख्खा विभाग अंधारात. (पालीचं काय होतं, ते विचारू नका.)

कुलूप मात्र कारखान्याचं नाही, मेन स्विचचं. स्विच बंद करून तो हँडलला स्वतःचं कुलूप घालतो, नावाचा टॅग अडकवतो आणि किल्ली खिशात टाकतो. तो लांब कुठे मोटरपाशी वाकलेला असताना 'हे बंद कुणी ठेवलं?' म्हणत कुणी स्विच ओढू नये म्हणून. चौघं काम करत असतील तर एकाच स्विचला चार कुलपं. शेवटचं निघेपर्यंत वीज नाही.

एवढ्यानंही त्याचं समाधान होत नाही. आधी चालू लाइनवर मीटर लावून बघतो, मग बंद केलेल्या तारांवर, मग पुन्हा चालू लाइनवर. मीटरच मध्ये बिघडलं असेल, तर त्यातलं शून्य खरं कसं मानायचं?

त्यातून हल्ली मोटरीचा वेग कमीजास्त करायला ड्राइव्ह असतात. आत येणारी ४१५ व्होल्टची वीज तिथे डीसी होते, साधारण ५६० ते ५९० व्होल्ट, आणि कपॅसिटरमध्ये साठून राहते. मेन बंद केला तरी ती काही मिनिटं दबा धरून असते. किती मिनिटं थांबायचं, ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं. तेव्हा फोनवर तो 'नुसता उभा आहे' म्हणाला, तर कामचुकार समजू नका.

आणि बुधवारी रात्री शर्ट बदलला, तर कुलूप-किल्ली आठवणीनं नव्या खिशात ठेवा. त्या कुलपाला दुसरी किल्ली सहसा ठेवत नाहीत.