घटक ५ : अनुबोधपटातील युक्तिवाद – ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण वृत्तलेखाच्या भाषेचा अभ्यास केला. या घटकात एका अनुबोधपटाचा विचार करावयाचा आहे. मराठीत ‘माहितीपट’ आणि ‘अनुबोधपट’ असे दोन शब्द रूढ आहेत. त्यांपैकी दुसरा मला अधिक प्रामाणिक वाटतो. कारण असे चित्रपट माहिती देऊन क्वचितच थांबतात, त्यांना काहीतरी पटवून द्यायचे असते. हे पटवणे कसे घडते, एवढाच आपला प्रश्न आहे.

त्यासाठी मराठी व्याकरणातील एक परिचित भाग आठवा : उभयान्वयी अव्यये. ‘आणि’ हे समुच्चयबोधक, ‘पण’ हे न्यूनत्वबोधक, ‘म्हणून’ हे परिणामबोधक. ‘पाऊस पडला आणि सामना रद्द झाला’ या वाक्यात अव्यय ‘आणि’ असले, तरी आपण मनात ‘म्हणून’ ऐकतो. चित्रपटात तर दोन दृश्यांच्या मध्ये कोणतेच अव्यय नसते. एक दृश्य संपते, दुसरे सुरू होते. मधला शब्द प्रेक्षक स्वतः घालतो. संकलकाची सारी शक्ती या रिकाम्या जागेत असते.

५.२ पार्श्वभूमी

दि. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, लिटलटन परिसरातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये, त्याच शाळेच्या दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्यात १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मृत्युमुखी पडले. नंतर त्या दोघांनी आत्महत्या केली. या घटनेच्या निमित्ताने मायकेल मूर यांनी अमेरिकी समाज आणि बंदूक यांच्या नात्याचा शोध घेणारा हा चित्रपट २००२ मध्ये केला. २००३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचा ऑस्कर मिळाला. मूर हे मिशिगन राज्यातील फ्लिंट परिसरातले. बंदूकधारकांच्या ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ या बलाढ्य संघटनेचे आपण आजीव सदस्य आहोत, असे ते चित्रपटातच सांगतात.

शीर्षकामागे उपरोध आहे. हत्याकांडानंतर हिंसक गाणी आणि व्हिडिओ गेम यांना दोष दिला जात होता. ती दोन मुले त्या सकाळी बोलिंग खेळून आली होती, मग बोलिंगला दोष का देत नाही, असा मूर यांचा सवाल. मुले त्या दिवशी बोलिंगच्या तासाला गेलीच नव्हती, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला होता. उपरोधाची धार त्यामुळे फारशी बोथट होत नाही, परंतु ही गोष्ट लक्षात ठेवा.

५.३ कॅनडा : ‘पण’चे सामर्थ्य

अमेरिकेत बंदुका फार आहेत म्हणून हत्या फार होतात, हे सोपे उत्तर मूर यांना पुरेसे वाटत नाही. ते डेट्रॉइटहून नदी ओलांडून कॅनडातील विंडसरला जातात. कॅनडातही घरोघरी बंदुका आहेत, पण बंदुकीने होणाऱ्या हत्या अगदी थोड्या. संपूर्ण चित्रपटातील विचाराला चालना देणारा शब्द हा ‘पण’ आहे. अमेरिकी वृत्तवाहिन्या रात्रंदिवस पसरवीत असलेले भय, वंशभेदाचा इतिहास, गरिबांविषयीची अनास्था अशी कारणे येथून पुढे येतात.

मूर यांनी दिलेले वार्षिक हत्यांचे आकडे असे : अमेरिका ११,१२७, जर्मनी ३८१, कॅनडा १६५, जपान ३९. मात्र लोकसंख्येचा उल्लेख ते करीत नाहीत. अमेरिकेचा आकडा कॅनडाच्या सदुसष्टपट दिसतो. आता आपण हिशेब करू. त्या काळी अमेरिकेची लोकसंख्या सुमारे २८ कोटी आणि कॅनडाची सुमारे ३.१ कोटी होती. म्हणजे दर लाख लोकांमागे अमेरिकेत सुमारे ४ हत्या, तर कॅनडात सुमारे अर्धी. अंतर सदुसष्टपटीवरून साडेसातपटीवर आले. साडेसातपट हेही भयंकरच आहे. योग्य आकडा दिला असता, तरी युक्तिवाद तितकाच उभा राहिला असता.

५.४ डेन्व्हर : लपलेले ‘म्हणून’

या घटकातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण हे. कोलंबाइनमधील आक्रोशाची दृश्ये संपतात आणि पडद्यावर संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, अभिनेते चार्ल्टन हेस्टन, दिसतात. हातात जुन्या घडणीची बंदूक उंचावून, जिवंत असेपर्यंत ही कोणी आपल्याकडून घेऊ शकणार नाही, अशा अर्थाची घोषणा ते करतात. लगेच मूर यांचे निवेदन येते : हत्याकांडाला दहा दिवस होतात न होतात तोच हेस्टन डेन्व्हरला येऊन सभा घेतात. त्यानंतर त्या सभेतील भाषण.

बंदूक उंचावण्याचे ते दृश्य डेन्व्हरचे नाही. ते सुमारे वर्षानंतरचे, मे २००० मधील, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथील अधिवेशनाचे आहे. ते डेन्व्हरचे आहे असे मूर कोठेही म्हणत नाहीत. वाक्य खोटे नाही. कारण वाक्यच नाही. शोकमग्न गावात येऊन हेस्टन यांनी बंदूक नाचवली, हे वाक्य प्रेक्षकाच्या मनात तयार होते. लक्षपूर्वक पाहिल्यास दोन्ही ठिकाणचा हेस्टन यांचा पोशाख वेगळा दिसतो. प्रथम पाहताना हे माझ्याही लक्षात आले नव्हते; प्रत्ययाची चूक चटकन पकडणारा मी, येथे मात्र निमूटपणे पुढे गेलो.

आता वस्तुस्थिती पाहा. दि. १ मे १९९९ रोजी डेन्व्हरमध्ये सभा झाली, हे खरे. महापौरांनी येऊ नका अशी विनंती केली होती, हेही खरे. इतर कार्यक्रम रद्द करून केवळ सभासदांची बैठक ठेवण्यात आली, हे मात्र चित्रपटात नाही. शोकात बुडालेल्या लोकांचा संताप समजण्यासाठी पहिली दोन विधाने पुरेशी होती. शार्लटचे दृश्य तेथे जोडल्यामुळे विरोधकांना मृत मुलांविषयी न बोलता संकलनाविषयी बोलण्याची सोय झाली, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. ही किंमत मला मोठी वाटते.

५.५ बसचा प्रवास

याउलट फ्लिंटजवळील प्रसंग पाहा. फेब्रुवारी २००० मध्ये सहा वर्षांच्या एका मुलाने आपल्या वर्गातील सहा वर्षांच्या मुलीला गोळी घालून ठार केले. मुलाची आई सरकारी मदतीच्या अटीनुसार दूरच्या उपनगरात कामाला जाई. मूर स्वतः पहाटेच्या त्या बसमध्ये बसतात. घर सुटल्याने ती मुलांसह भावाकडे राहत होती. मुलाला बंदूक मिळाली ती तेथे. येथे प्रत्येक दुवा पडद्यावर उघडपणे मांडलेला आहे. आपण तो अमान्य करू शकतो, कारण तो आपल्याला दिसतो. चित्रपटाच्या शेवटी मूर हेस्टन यांच्या घरी जातात आणि निघताना त्याच मुलीचे छायाचित्र तेथे ठेवतात.

स्वाध्याय

१. हा चित्रपट पाहून निवेदनाविना जोडलेली कोणतीही दोन दृश्ये निवडा. त्यांच्यामध्ये तुमच्या मनाने कोणते अव्यय घातले ते लिहा.

२. ते अव्यय योग्य ठरवण्यासाठी स्थळ, काळ आणि संख्या यांविषयी कोणती माहिती तपासावी लागेल, ते सुमारे २०० शब्दांत मांडा.