‘सीनियर’ लिहिलेली पिशवी आधी उलटी करा: म्हाताऱ्या कुत्र्याचं ड्राय फूड विकण्यापूर्वी

पेट शॉपच्या मालिकेतला या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल, तर पिशवीमागची बारीक छपाई मी फार घाईत उरकली हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कॅमेऱ्यात ती अक्षरं वाचताच येत नाहीत हो. म्हणून तो भाग इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. थोडं गणित आहे, पण वाण्याच्या हिशोबापेक्षा अवघड नाही.

आधी एक प्रसंग सांगतो. माझ्या एका बॅचला छोटं पेट शॉप चालवणारा एक मुलगा होता. त्याच्याकडे एक आजोबा यायचे. त्यांचा स्पिट्झ तेरा वर्षांचा. “म्हाताऱ्याला चालेल असं काहीतरी द्या,” म्हणाले. याने ‘सीनियर’ लिहिलेली, स्वतःला सगळ्यात जास्त मार्जिन देणारी पिशवी काढून दिली. चार-पाच महिने तीच गेली. कुत्र्याचा पाठीचा कणा हाताला लागायला लागला, मागचे पाय बारीक झाले. आजोबा म्हणाले, वय झालं. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, किडनी ठीक. मग डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? पिशवीवर प्रोटीन १८ टक्के होतं आणि तेही बरंचसं मक्याचं.

आजोबा दुकानात भांडायला आले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुम्ही ही पिशवी कधी वाचली होती का हो?” त्यानंतर ते आलेच नाहीत. कुत्रा सावरला की नाही हेही त्या मुलाला कळलं नाही. वर्गात हे सांगताना त्याचा आवाज उतरला होता. गिऱ्हाईक गेल्याचं त्याला वाईट वाटत होतंच, पण खरी बोच त्या प्रश्नाची होती.

आता तुम्ही म्हणाल, पिशवीवर तर ‘सीनियर’ लिहिलं होतं ना! इथेच गोम आहे. कुत्र्यांच्या खाद्यासाठी जगभर ज्या मापाचा आधार घेतला जातो, ते अमेरिकेतल्या आफको या संघटनेचं. आपल्याकडच्या पुष्कळ पिशव्यांवरही त्याचा उल्लेख असतो. त्यात कुत्र्यांसाठी दोनच तक्ते आहेत. एक वाढत्या पिल्लांसाठी आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी, दुसरा मोठ्या कुत्र्यासाठी. म्हाताऱ्यासाठी तिसरा तक्ता नाही. म्हणजे ‘सीनियर’ शब्दात काय भरायचं हे कंपनी ठरवते. कुणी चरबी कमी करतं, कुणी फायबर वाढवतं, कुणी सांध्यांसाठी चिमूटभर काहीतरी घालतं.

मोठ्या कुत्र्यासाठी तिथलं किमान प्रोटीन १८ टक्के आहे, आणि ते पाणी वजा करून. आजोबांच्या पिशवीत १० टक्के ओलावा धरला तर १८ भागिले ९०, म्हणजे २० टक्के. किमानाच्या वरच! पिशवीत चुकीचं काहीच नव्हतं. पण किमान म्हणजे पुरेसं नव्हे.

म्हाताऱ्या कुत्र्याला प्रोटीन कमी द्यावं हा समज आपल्याकडे फार पक्का बसलाय. किडनीचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तेच. पण धडधाकट म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू वयामुळे आपोआप झिजत असतात, त्याला चांगलं प्रोटीन उलट जास्तच लागतं. मी स्वतः काउंटरवर असतो तर अशा कुत्र्यासाठी २५ टक्क्यांच्या आसपासची पिशवी आधी दाखवली असती.

यादी वाचायची कशी

मागे घटकांची यादी असते. वजनाने जास्त ते आधी, कमी ते नंतर. पण हे वजन शिजवण्याआधीचं असतं, ही मेख लक्षात ठेवा. पहिलं नाव ‘ताजं चिकन’ असलं की गिऱ्हाईक खूश होतं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. समजा १०० किलो कच्च्या मालात २० किलो चिकन आणि १८ किलो तांदूळ आहे. दाणा भाजून वाळल्यावर त्या चिकनचे सहा-सात किलो उरतात, तांदूळ मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे पहिला नंबर खरा तांदळाचा. याउलट ‘चिकन मील’ म्हणजे आधीच पाणी आणि चरबी काढून दळलेलं चिकन. नाव ऐकायला साधं, पण ते पहिलं असेल तर प्रोटीन खरोखर तिथून येतंय.

दुसरी युक्ती तुकडे पाडण्याची. यादी अशी दिसते: चिकन मील, मका, तांदळाची कणी, मका ग्लूटेन, तांदळाचा कोंडा. वाटतं, वा, चिकन पहिलं! आता मक्याचे दोन आणि तांदळाचे दोन एकत्र करा. चिकन १५ किलो आणि बाकीचे १४, १२, १० आणि ८ असतील तर धान्य झालं ४४ किलो. धान्य वाईट असतं असं मी म्हणत नाहीये. शिजवलेला तांदूळ, मका कुत्र्याला पचतो. फक्त पैसे चिकनचे घेतले आणि दिलं धान्य, असं होऊ नये.

तिसरं, नाव. ‘चिकन फॅट’, ‘फिश मील’ लिहिलंय की नुसतं ‘अ‍ॅनिमल फॅट’, ‘मीट अँड बोन मील’? प्राण्याचं नावच नसेल तर प्रत्येक लॉटमध्ये तो बदलू शकतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट असे बदल सहन करत नाही. हाडाचा भाग जास्त असेल तर राख आणि फॉस्फरस वाढतो. पिशवीवर ‘क्रूड अ‍ॅश’ दिलं असेल तर तेवढं बघून ठेवा. ‘बाय-प्रॉडक्ट’ म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण काळीज, हृदय हेही त्यातच येतं, आणि ते उत्तम खाणं आहे. आपण स्वतः कलेजी खातोच की.

यादीत मीठ कुठे आलंय ते बघा. मीठ साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतं, म्हणून त्याच्या पुढे जे लिहिलंय ते त्याहूनही थोडं. पुढे हळद, ब्लूबेरी, पालक यांची चित्रं छापलेली आणि मागे सगळी मिठानंतर, तर ती चित्रंच आहेत असं समजा. जीवनसत्त्वं मिठानंतर असणं मात्र बरोबर, ती लागतातच चिमूटभर. ग्लुकोसामाइनचं गणित गिऱ्हाईकासमोर करून दाखवा: पिशवीवर किलोला ३०० मिलिग्रॅम, कुत्रा खातो दिवसाला २०० ग्रॅम, म्हणजे पोटात गेलं ६० मिलिग्रॅम. सांध्यांच्या गोळीत याच्या कितीतरी पट असतं. त्यापेक्षा माशाचं तेल, म्हणजे ओमेगा-३, आकड्यासहित लिहिलेलं असेल तर त्या पिशवीला मी जास्त मान देईन.

टक्क्यांवर डोळे मिटून विश्वास नको

‘क्रूड प्रोटीन’ मोजतात म्हणजे खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. चाचणीला तो नायट्रोजन मांसाचा की आणखी कशाचा हे कळत नाही. २००७ साली अमेरिकेत याचा भयंकर अनुभव आला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. त्याने नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन छान दिसतं. कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी झाल्या आणि डझनावारी ब्रँडचा माल बाजारातून परत घ्यावा लागला. मका ग्लूटेनमध्ये असं विष नसतं, पण टक्का तेही फुगवतं, आणि स्नायूंना लागणारं लायसिन त्यात कमी असतं. आजोबांच्या पिशवीत हेच झालं होतं.

पिष्टमय पदार्थ किती हे पिशवीवर सहसा लिहीत नाहीत. काढायचं असं: शंभरातून प्रोटीन, चरबी, फायबर, ओलावा आणि राख वजा करा. १८, ७, ५, १० आणि ८ वजा केले तर उरतात ५२. दुसऱ्या पिशवीत २७, १३, ४, १० आणि ७ असतील तर उरतात ३९. अंदाज आहे हा, पण दोन पिशव्या शेजारी ठेवायला पुरतो.

‘ग्रेन-फ्री’ महाग विकलं जातं म्हणून त्याच्या मागे लागू नका. धान्य काढून वाटाणा, मसूर भरपूर घातलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये सुरू केली. कारण म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. पण वयस्कर कुत्र्याला, गरज नसताना, मी ते स्वतःहून सुचवणार नाही.

आणि एक कबूल करतो: यादीवरून सगळं कळत नाही. चिकन मील ताज्या मालाचं की शिळ्या, हे छापलेलं नसतं. म्हणून डिस्ट्रिब्युटरला विचारा, हे खाद्य कोणत्या आहारतज्ज्ञाने बसवलं, कुठल्या कारखान्यात बनतं, लॉटची तपासणी कोण करतं, किलोला कॅलरी किती. उत्तर लेखी मागा. टोलवाटोलवी झाली तर माल कमी घ्या.

कॅलरी का, तर किंमत तिच्यावर ठरते. पंधरा किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० कॅलरी धरू. एक खाद्य किलोला ३०० रुपये, ३३०० कॅलरी. लागेल २१२ ग्रॅम, खर्च सुमारे ६४ रुपये. दुसरं ४२० रुपये, ३९०० कॅलरी. लागेल १८० ग्रॅमच्या आत, खर्च सुमारे ७५. किलोला १२० रुपयांचा फरक दिवसाला ११-१२ रुपयांवर आला! हे गिऱ्हाईकाला कागदावर लिहून द्या. मग ते घासाघीस सोडून विचार करायला लागतं.

आता आपल्याच दुकानातली चूक. मोठी गोणी फोडून सुटं विकणं. चांगल्यातली चांगली चरबी हवा लागली की खवट होते, आणि आपला पावसाळा म्हणजे बघायलाच नको. टोकोफेरॉलवर टिकवलेलं खाद्य तर आणखी नाजूक. शिवाय सुटं घेणाऱ्याला यादी, लॉट नंबर, तारीख काहीच मिळत नाही. सुटं विकायचंच असेल तर खाद्य गोणीतच ठेवून गोणी झाकणाच्या डब्यात ठेवा, गोणी फोडल्याची तारीख लिहा आणि मागच्या बाजूचा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. वास घ्यायची सवय लावा. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला की ती गोणी काउंटरवरून उचला, नुकसान सोसा.

कुत्रं खूप पाणी पितंय, वजन झपाट्याने उतरतंय, उलट्या होतायत असं ऐकलं तर पिशवी दाखवूच नका, डॉक्टरांकडे पाठवा. किडनीचं खास खाद्य चिठ्ठीशिवाय देऊ नका.

या आठवड्याचं काम: तुमच्या दुकानातल्या ‘सीनियर’ लिहिलेल्या सगळ्या पिशव्या उलट्या करून ठेवा. प्रत्येकीचे पहिले पाच घटक, प्रोटीन, राख, कॅलरी आणि दिवसाचा खर्च एका पानावर उतरवा. पुढच्या व्हिडिओत आपण या पानावरून कुठला माल ठेवायचा आणि कुठला परत करायचा ते बघू.