घंटा वाजली की आधी बाहेर पडा

८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर औद्योगिक वसाहतीत मोठा स्फोट झाला, तिघे दगावले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलेल्यांना मी विचारले, आवाज ऐकून काय केलेत? बहुतेकांचे उत्तर एकच : "डॉक्टर, गच्चीवर जाऊन बघितले."

ही बघण्याची सवयच घात करते. इमारतीत आगीची घंटा वाजली की आपण शेजाऱ्याचे तोंड पाहतो. तो स्वस्थ दिसला की आपणही बसतो. बिघडली असेल म्हणतो. मग पाकीट, चपला, कपाटाची किल्ली. तोवर जिना धुराने भरतो.

मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल आवारातील आगीत १४ जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात शिरले आणि तेथेच गुदमरले. ज्वाळेआधी धूर मारतो. त्यातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट ओढीने चिकटतो. त्याला वास नाही. माणसाला नुसती गुंगी येते. ओला रुमाल काजळी अडवतो, हा वायू नव्हे. म्हणून वाकून, जमिनीलगत निघावे, लिफ्ट टाळावी, बाहेरून १०१ ला कळवावे. जिन्यातच धूर असेल तर दार लावून फटीत ओली फडकी कोंबावीत आणि खिडकीतून हाका माराव्यात.

धुरातून आलेल्याचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर "मी ठीक आहे" म्हटले तरी रुग्णालयात न्यावे. तेथे प्राणवायू लावतात.

आमच्या इमारतीची घंटा गणपतीत उगाच वाजली, म्हणून कुणीतरी तिची तार काढून ठेवली होती. गेल्या रविवारी मी ती जोडून घेतली.